चित्राबाहेरच्या पायऱ्या

त्या जिन्याचा वास मला अजून मजल्यामजल्याने आठवतो. तळाशी ओल्या फरशीचा आणि फिनेलचा, गार. दुसऱ्या मजल्यावर इराणी कुटुंबाच्या दाराखालून सरपटत येणारा, वाळवलेल्या लिंबांचा आंबूस-कडवट, आणि त्याच्यामागे लाजत उभा राहिल्यासारखा केशराचा. तिसऱ्यावर केरळच्या सिस्टरच्या घरचं खोबरेल, त्यात नुकताच तडतडलेला कढीपत्ता. चौथ्यावर आमचीच हिंगाची फोडणी. घरात असताना जी कधी जाणवत नाही आणि जिन्यात उभं राहिलं की माहेरच्या कुणीतरी नावाने हाक मारावी तशी ओळखीची वाटते. सहाव्यावर मोहरीचं तेल, नवव्यावर लसूण आणि व्हिनेगर, अकराव्यावर ऊद. त्याच्यावर वास विरळ होत जात. चौदाव्या मजल्यावर, लिफ्टच्या मशीनरूमच्या दारापाशी, फक्त ग्रीस, तापलेले पोलादी दोर आणि त्यांच्यात मिसळलेली सुंठ एवढंच उरे. सुंठ म्हणजे काका.

शारजात रोल्ला बाजाराच्या गजबजाटामागे आमची ती इमारत होती. काका एका लिफ्ट कंपनीत देखभालीचं काम पाहत. शारजापासून उम्म अल कुवैनपर्यंतच्या कितीतरी इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या हाताखालून गेलेल्या. आणि हा माणूस स्वतः कधीही लिफ्टमध्ये बसत नसे. दुरुस्तीला लिफ्टच्या टपावर उभे राहत, खड्ड्यात उतरत, पण माणसासारखं दार उघडून, बटण दाबून वर जाणं त्यांना ठाऊक नव्हतं. चौदाव्या मजल्यावर चारजणांच्या खोलीत त्यांची एक खाट होती. त्या खाटेपर्यंत ते दिवसातून दोनदा, कधी तीनदा, दोनशे ऐंशी पायऱ्या चढून जात. बायको आणि मुलगा कराडला. मूळ गाव पाटणच्या बाजूचं, डोंगरावरची वाडी. शाळा खाली, घर वर. "रोज शाळा सुटली की चढ," असं ते सांगत, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर सुट्टी लागल्याचा आनंद असे.

मी त्यांना काका म्हणत असे आणि ते मला वहिनी. नात्याच्या कोणत्याही तक्त्यात हे बसत नाही, पण परमुलखात माणसं आधी हाक मारतात आणि नातं मागून शोधतात.

आमची ओळख झाली तीही लिफ्टमुळेच. रमजानचा महिना होता, संध्याकाळची वेळ. मुलीला घेऊन मी वर येत होते. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टने एक उसासा टाकला आणि ती थांबली. पंखाही थांबला. मला लहानपणापासून दमा. वाळवंटातल्या धुळीने आणि एसीच्या कोंदट गारव्याने तो तिथे जास्तच बळावलेला, आणि पंप घरी, टेबलावर. माझी नऊ वर्षांची मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, इज द लिफ्ट डेड?" छातीत शिट्टी वाजू लागली होती.

तेवढ्यात वरून, अंधाऱ्या पोकळीतून, एक शांत आवाज आला. "वहिनी, बोलू नका. श्वास ऐकू द्या."

मी गप्प झाले.

"हं. पट्टा घासतोय तुमचा. काय होत न्हाई. नाकानं आत घ्या. आता तोंडानं बाहेर, लांब. समोर दिवा हाय असं समजा. दिवा विझवायचा न्हाई. नुसता हलवायचा."

मी दिवा हलवला. पुन्हा हलवला. कुणाचा चेहरा दिसत नव्हता. काळोखात माझ्यासमोर एक ज्योत मात्र खरंच उभी राहिली होती, आणि तिला न दुखावता तिच्यावरून श्वास न्यायचा, एवढंच काम मला उरलं होतं. दहा-बारा मिनिटांनी लिफ्ट हळूच चौथ्यावर येऊन टेकली. दार उघडलं तर समोर एक लहानखुरा, राखाडी केसांचा गृहस्थ, निळ्या डांगरीत. त्याने तळहात पुढे केला. तळहातावर खजुराची बी.

"हा बघा गुन्हेगार. दाराच्या खाचेत बसला होता. रोजा सुटला की लोक खजूर खातात आणि बी खिशात न ठेवता खाली टाकतात. महिनाभर मला दुसरं काम नसतं."

मुलीने विचारलं, "काका, व्हाय डोन्ट यू टेक द लिफ्ट?"

"मी तिला रोज आतून बघतो, बाळा. आतून बघितल्यावर बसवत न्हाई." मग माझ्याकडे वळून, जणू तिच्या अभ्यासाचीच जबाबदारी आता त्यांच्यावर आली होती, ते म्हणाले, "तिला समजवा वहिनी. लिफ्ट वर जाते तेव्हा कायतरी खाली येत असतंय. काउंटरवेट म्हणतात. तेवढ्याच वजनाचं. ते खाली आलं म्हणून ही वर जाते. बसणाऱ्याला ते दिसत न्हाई. मला दिसतं. त्यापरीस जिना बरा."

त्यांचे कान ही त्यांची हत्यारपेटी होती. लिफ्टच्या चौकटीला कान लावून ते उभे राहत आणि कुठल्या मजल्यावर रूळ कोरडा पडला आहे ते सांगत. माझी मुलगी हे दृश्य पहिल्यांदा पाहून मला म्हणाली होती, "ही इज लिसनिंग टू अ वॉल, आई." माणसांशी बोलतानाही त्यांचं लक्ष बोलण्यापेक्षा बोलण्यामधल्या श्वासाकडे असे. माझे यजमान एकदा ऑफिसातून आले आणि दारात काकांना "सगळं ठीक" म्हणाले. काका म्हणाले, "साहेब, ठीक म्हणायच्या आधी तुम्ही दोनदा थांबलात." त्या दिवशी यजमानांच्या ऑफिसात अकरा माणसांना घरी बसवलं होतं.

मशीनरूममध्ये मला त्यांनी एकदा नेलं. मोटारीच्या गुणगुणाटात, तेलकट भिंतीवर, एका प्रवासी कंपनीचं सात-आठ वर्षांपूर्वीचं कॅलेंडर टांगलेलं होतं. जुलै महिना. तो कधी उलटलाच नव्हता. चित्रात लडाखमधला एक गोंपा, म्हणजे बौद्ध मठ: करड्या, भेगाळलेल्या डोंगरावर पांढरी घरं एकमेकांच्या खांद्यावर बसल्यासारखी, त्यांच्या वरून वाहणारं गडद निळं आभाळ, आणि पायथ्याकडून चढत जाणारा चुन्याने रंगवलेला जिना. जिना वळणावळणाने वर जात होता आणि मध्येच चित्राची कड येऊन त्याला तोडत होती.

"त्रेसष्ट," काका म्हणाले.

"काय त्रेसष्ट?"

"पायऱ्या. एवढ्या दिसतात. भिंग लावून मोजल्यात. पुढच्या चित्राबाहेर गेल्या." त्यांनी बोट कागदावरून सरकवत भिंतीवर नेलं आणि तिथे, जिथे काहीच नव्हतं, तिथे थांबवलं. "फोटो काढणारा आळशी. जरा मागं सरकला असता तर काय झालं असतं? तेवढ्या मोजायच्या राहिल्यात माझ्या."

मी हसले. ते हसले नाहीत. सत्तावीस वर्षं त्यांनी या देशात दुसऱ्यांना वर पोचवलं होतं. कॅलेंडरातल्या त्या तुटलेल्या जिन्याकडे ते ज्या नजरेने पाहत होते, तसं आपण स्टेशनावर न आलेल्या पाहुण्याच्या वाटेकडे पाहतो. पुढे कधीतरी त्या चित्राच्या समासात पेन्सिलीने एक आकडा लिहिला गेला. अक्षर काकांचं नव्हतं.

मग ती मंदी आली. वर्तमानपत्रात ती आकड्यांनी आली असेल. आमच्या जिन्यात ती वासांनी आली. आधी सहाव्या मजल्यावरचं मोहरीचं तेल गेलं. एका सकाळी तिथे नुसती बंद दाराची, थंड लोखंडाची चव होती. मग नववा. लसूण-व्हिनेगरच्या जागी रिकाम्या फ्लॅटचा चुन्याचा दर्प. जानेवारीपर्यंत जिना एखाद्या कवितेतून शब्द खोडत जावेत तसा ओस पडत गेला. मीही दुबईतल्या एका बांधकाम कंपनीत कामाला होते. न बांधलेल्या इमारतींच्या खिडक्यांतून पडणाऱ्या उजेडाची वर्णनं लिहायची, हे माझं काम. त्या इमारती आता बांधल्या जाणार नव्हत्या, तेव्हा त्यांच्यात पडणारा उजेडही नको होता. एका गुरुवारी मला निरोपाचं पत्र मिळालं. "खलास," आमचा लेबनानी साहेब म्हणाला, आणि त्याने मला खजुराची पेटी दिली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सहा वाजता दारावर थाप पडली. काका उभे. पाठीवर पिशवी, पिशवीत ओझं म्हणून पाच-पाच किलोच्या तांदळाच्या दोन थैल्या.

"वहिनी, नोकरी गेली म्हणे."

"हो काका."

"चांगलं झालं. वेळ मिळाला. चला, वरचं हवामान बघून येऊ."

माणसाच्या दुःखाशी इतक्या बेपर्वाईने वागणारा आणि तरीही इतका हळवा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्या हिवाळ्यात इमारतीतल्या प्रत्येक घरी बसवलेल्या माणसाच्या दारावर काकांची थाप पडली. आम्ही कधी नऊजण असू, कधी चौदा. काकांनी जिन्याच्या प्रत्येक वळणावर खडूने उंची लिहिली होती. तळमजला म्हणजे समुद्र, चौदावा मजला म्हणजे लेह, साडेअकरा हजार फूट. मध्ये हिशेबाने गावं बसवलेली. साडेपाच मजल्यांवरच्या वळणावर महाबळेश्वर. आठव्यावर मनाली. इमारतीचा नातूर, म्हणजे पहारेकरी, पेशावरकडचा वयस्कर पठाण होता, तो दर शुक्रवारी खुर्चीतून न उठता आम्हाला आठवण देई, "लिफ्ट चल रही है, साहब." काका दर शुक्रवारी उत्तर देत, "मालूम है खानसाहब, मैंने ही चलाई है."

प्रत्येक टप्प्यावर ते सर्वांना थांबवत. मग एकेकाजवळ जाऊन मान तिरकी करून, डोळे मिटून त्याचा श्वास ऐकत. श्वास जागेवर आलेला वाटला की हलक्या आवाजात म्हणत, "यल्ला." म्हणजे 'चला', तिथल्या रस्त्यांवर दिवसातून शंभरदा ऐकू येणारा शब्द. टॅक्सीवाले तो हॉर्नसारखा वाजवतात, आया मुलांच्या पाठीत घालतात. काकांच्या तोंडी तो कुलपात किल्ली फिरावी तसा येई, बेताने, आणि माणूस आतून उघडल्यासारखा पुढची पायरी चढे. तो शब्द ते फुकट देत नसत. तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरला, जी इस्पितळात रात्रपाळी करून येत असे, तो पहिल्याच महिन्यात मिळाला. माझ्या मुलीला तर दोनदोनदा.

मला मिळत असे तो "थांबा".

"तुम्ही महाबळेश्वरला थांबा, वहिनी. स्ट्रॉबेरी खा. आम्ही जाऊन येतो."

मी पायरीवर बसून राही. वर जाणाऱ्यांची पावलं विरत जात, आणि मग बऱ्याच वेळाने त्यांचं हसणं उतरत येई. मुलगी चढताना पायऱ्या मोजे आणि उतरतानाही मोजे. उतरताना तिची हटकून एक जास्त भरे. "वन एक्स्ट्रा, काका."

"जास्त भरली? म्हणजे परत चढावं लागणार," काका म्हणत, आणि खरंच परत चढत.

मार्चमध्ये मी मनालीपर्यंत पोचले. तिथेही तोच शब्द. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, आज मला अजिबात धाप लागलेली नाही."

"लागली न्हाई. पण तुम्ही माझ्याकडं बघून श्वास घेता. माझ्याकडं बघायचं सोडलं की तुमचा तुम्हाला सापडंल."

आणि आमचं खरोखरच लेहला जायचं ठरलं, ते मंदीमुळेच. जुलैपासून सगळ्यांना दोन महिन्यांची बिनपगारी रजा, असं काकांच्या कंपनीने मेमध्येच जाहीर केलं. बाकीचे सुतकी चेहऱ्याने घरी गेले, काका मशीनरूममध्ये जाऊन कॅलेंडरातल्या जुलै महिन्यासमोर उभे राहिले आणि खाली येऊन म्हणाले, "महिना जुळला." सिस्टरची रजा साचलेली होती. माझ्याकडे रजाच रजा होती. यजमानांना मात्र त्या दिवसांत साहेबासमोर 'सुट्टी' हा शब्द उच्चारणंही धोक्याचं. मुलगी सुट्टीत पुण्याला आजीकडे. अडचण एकच होती.

"दम्याची बाई, आणि साडेअकरा हजार फूट?" यजमान म्हणाले. "काका, तुम्ही तरी सांगा हिला."

सिस्टरने मला तिच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी नळीत फुंकायला लावलं, दोन पंप जवळ ठेवायला सांगितले, सावकाश जा म्हणाले, आणि जायला हरकत नाही असा शेरा दिला. तो कागद मी काकांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो वाचला नाही. मान तिरकी केली, ऐकलं. मग म्हणाले, "येऊ दे वहिनींना. पण लेहपर्यंत. गोंप्याच्या पायऱ्या न्हाईत."

मी होकार दिला. तो देताना माझ्या छातीत जे हललं ते दम्याचं नव्हतं. घरात, माहेरी, सासरी, जन्मभर कुणी ना कुणी माझ्यासाठी पायऱ्या मोजून ठेवल्या होत्या: इथवर तू, पुढे आम्ही. त्या चित्रातल्या पांढऱ्या जिन्याचं मला काकांइतकंच वेड लागलं होतं, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

थंडीचा सराव म्हणून काका आम्हाला जूनच्या दुपारी आमच्याच दिवाणखान्यात बसवत. बाहेर शेहेचाळीस अंश, आत एसी सोळावर, अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, हातात सुंठेचा काढा. एकदा वीजमीटर बघायला आलेला माणूस दारातूनच परत गेला होता. हा सगळा सराव किती वाया गेला ते लेहच्या विमानतळावर उतरताच कळलं. जुलैचं ऊन सुईसारखं टोचत होतं. वाळवंटात राहून ज्यांनी वर्षानुवर्षं ऊन गाडीच्या काचेतूनच पाहिलं त्या आम्हा तिघांची नाकं दोन तासांत सोलून निघाली. आम्ही स्वेटरांत घामाघूम. गेस्टहाऊसच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे आमा-ले म्हणत, अंगणात जर्दाळू वाळत घालत होत्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि "जुले" हा तिकडचा नमस्कार म्हणायला तोंड उघडलं, ते हसण्यातच बुडून गेलं. "कहाँ से आए?" "शारजा से," काका टोपी न काढता म्हणाले. "रेगिस्तान से." त्या बाईंना मग हसू आवरेना.

पहिले दोन दिवस फक्त पडून राहायचं, असा काकांचा नियम. त्याचं वेळापत्रक त्यांनी टाइप करून आणलं होतं. चार वाजता झोप. साडेचार वाजता कूस बदलणे. पाच वाजता पाणी. सिस्टर आणि मी आज्ञाधारकपणे कूस बदलत होतो. खिडकीतून पॉपलरच्या पानांचा सळसळाट येत होता, जणू कुणीतरी दूर रेशीम फाडतं आहे. कोरड्या हवेत जर्दाळूचा आंबटगोड वास, गोवऱ्यांच्या धुराचा तुरटपणा, आणि कुठूनतरी जाळलेल्या शुक्पाचा, म्हणजे तिकडच्या देवळातल्या धुपाचा, सुगंध. मी तो सगळा आत घेत होते, खोल, आणखी खोल, आणि कितीतरी वेळाने माझ्या ध्यानात आलं की शिट्टी वाजत नाही.

साडेपाचला सिस्टर पाण्याचा पेला घेऊन काकांच्या खोलीत गेली. खाट रिकामी. गेस्टहाऊसला बाहेरून गच्चीवर जाणारा दगडी जिना होता, एकोणीस पायऱ्यांचा. काका त्याच्या मध्यावर बसले होते, चेहरा राखेसारखा, डोकं दोन्ही हातांत. अकरा वेळा चढून उतरले होते.

"काका, रूल कौन बनाया?" सिस्टरने विचारलं.

"मैंने."

"तोडा कौन?"

"मैंने. जिना दिसला, सिस्टर. नुसता तपासायला गेलो."

"तो अब मुँह बंद. लेटो."

रात्री त्यांना उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी सरकारी इस्पितळात नाकाला नळी लावून ते पडले होते. आम्ही दोघी घाबरून उशाशी. त्यांनी डोळे उघडले, सिलिंडरकडे कान दिला आणि नर्सला म्हणाले, "सिस्टरजी, इसका वायसर घिस गया है. बदल दो." मग आमच्या जिवात जीव आला. नर्सने वायसर तपासला. खरंच झिजला होता.

ते बरे झाले, पण डॉक्टरांनी त्यांना चढ बंद केला. एक पायरीही नाही. तीन दिवस ते आमा-लेंच्या अंगणात, जर्दाळूंच्या शेजारी, स्वतःही वाळत घातल्यासारखे बसून राहिले. तक्रार नाही. आमा-लेंची हिंदी दोन-चार वाक्यांत संपे, काकांना लडाखी येत नव्हती. दोघं जर्दाळूच्या बिया दगडाने फोडत आणि तासन्‌तास गप्पा मारत. तिसऱ्या संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं. "वहिनी, इकडं या. श्वास घ्या." मी घेतला. त्यांच्या कपाळावर आठी आली. "परत घ्या." पुन्हा घेतला. "पट्टा कुठं गेला?"

"मलाही माहीत नाही, काका. उतरल्यापासून नाही."

ते परत जर्दाळूच्या बिया फोडू लागले.

या सगळ्याला आता खूप वर्षं झाली. शारजातल्या त्या जिन्यात पुढे हळूहळू वास परतले. सहाव्यावर मोहरीच्या ऐवजी नेपाळी सुक्या मुळ्याचा, नवव्यावर पुन्हा लसूण. मला शाळेत काम मिळालं. काका निवृत्त होऊन वाडीवर गेले, आणि जाताना ते कॅलेंडर गुंडाळून, काखोटीला मारून, अर्थातच जिन्याने उतरले. "लिफ्ट चल रही है, साहब," खानसाहब त्या दिवशीही म्हणाले, पण खुर्चीतून उठून. आता मी फोन केला की काका आधी काही बोलतच नाहीत. पलीकडे नुसती शांतता असते, डोंगरावरचा वारा असतो. मी ओळखते आणि गप्प राहते. ते ऐकतात. मग म्हणतात, "चांगलं चाललंय," आणि त्यानंतर गप्पा सुरू होतात.

पण मला सांगायची आहे ती लेहमधली एक सकाळ.

परतीच्या आदल्या दिवशी आम्ही जीप करून त्या गोंप्याच्या पायथ्याशी गेलो. काकांना निदान खालून तरी बघायचं होतं. जीप थांबली आणि समोर ते चित्र उभं होतं. तेच करडे डोंगर, तीच एकमेकांच्या खांद्यावर बसलेली घरं, तेच आभाळ. फक्त आता त्याला कड नव्हती. पांढरा जिना चढत जात होता, वळत होता, भिंतीमागे लपत होता, पुन्हा दिसत होता. वर कुठेतरी कर्णा वाजत होता, इतका खोल आवाज की तो कानांपेक्षा तळपायांनाच आधी ऐकू आला.

काका पहिल्या पायरीवर बसले. सिस्टर त्यांचा दंड धरून उभी, पोलिसासारखी. त्यांनी मान मागे टाकून वर पाहिलं आणि बोटाने हवेत मोजायला लागले. थोड्या वेळाने बोट थांबलं.

"तो चुन्याचा ओघळ दिसतोय? भिंतीवर, वळणापाशी? तिथं त्रेसष्ट." बोट खाली आलं, गुडघ्यावर विसावलं. "पुढच्या मला ठावं न्हाईत."

त्यांच्या आवाजात कुठेही रडणं नव्हतं. म्हणूनच मला तिथे उभं राहवेना. मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. दगड उन्हाने कोमट झाला होता.

"मी थांबते तुमच्याबरोबर," मी म्हटलं. "तसंही माझं ठरलंच होतं. लेहपर्यंत."

काकांनी खिशातून पेन्सिल काढली. कॅलेंडरवर उरलेला आकडा लिहायला घरून टोक करून आणलेली असावी. ती माझ्या हातात ठेवली आणि माझी बोटं तिच्याभोवती मिटवली. मग मान तिरकी केली. डोळे मिटले.

मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी न बघताच हाताने माझी हनुवटी हलकेच वळवली, जिन्याकडे. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा मी त्यांच्याकडे न बघता श्वास घेतला. आत, नाकाने: चुना, धूप, ऊन. बाहेर, लांब, दिवा हलेल एवढाच. पुन्हा. कर्णा थांबला. वाऱ्याने रंगीत पताका एकदा फडफडवल्या आणि सोडून दिल्या. त्या शांततेत एक लहानखुरा माणूस माझ्या छातीतल्या सगळ्या रुळांवरून कान फिरवत होता, एकेक मजला, तळापासून वरपर्यंत, आणि त्याला कुठे काही घासताना सापडत नव्हतं.

त्यांनी डोळे उघडले.

"यल्ला."